बसस्थानकावरचे गहाळ अर्ज

आप्पा, उद्या सकाळी क्राइम मीटिंग आहे आणि रविवारची ही दुपार मी पोलीस ठाण्यातल्या टेबलाशी घालवते आहे. शहरात कोणते गुन्हे वाढले, कोणते घटले, पुढच्या महिन्यात जोर कशावर द्यायचा, याचं टिपण मला करायचं असतं. तुमच्या वेळी कुंपणाच्या गडग्याच्या चार दगडांवरून डोकी फुटायची, आंब्याच्या पेट्या पळवल्या जायच्या. आता फोनवरून माणसं गंडवतात, गर्दाच्या पुड्या विकतात, शनिवार-रविवार आरे-वारेच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर पाहुणे बेफाम गाड्या हाणतात. या सगळ्याला पोलीस पुरवायचे तर कुठून तरी काढावे लागतात. मी ते बसस्थानकावरून काढले, कारण कागदावर तिथे चोऱ्याच नव्हत्या.

नव्हत्या, कारण मीच त्या कागदावर येऊ दिल्या नव्हत्या. फोन चोरीला गेला म्हणून कुणी आलं की आम्ही सांगतो, 'गहाळ झाला' असं लिहा, दाखला लगेच मिळेल, नवं सिम घेता येईल. चोरी लिहिली तर गुन्हा नोंदवा, तपास करा, आणि चोर सापडला नाही तर महिन्याच्या तक्त्यात तो गुन्हा आमच्या नावावर लोंबकळत राहतो. गहाळ वस्तूचा चोर कुणी विचारत नाही. ही पद्धत मी काढलेली नाही, पण चालवली मात्र फार सफाईने. मागच्या महिन्यात राजापूरच्या गाडीला थांबलेली एक बाई आली. मुलगा मुंबईला, त्याचा फोन येतो म्हणून फोन बाळगणारी. तिने पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली, बूड सरळ कापलेलं होतं. "म्याडम, माजा हरवला नाय. पिशवीला ब्लेड मारलान नि नेलान. ही बगा ना." मी बघितलं आणि तरी म्हटलं, "काकी, गहाळ लिहा, लवकर सुटाल." तिला साडेतीनची गाडी गाठायची होती. सही करून निघताना मलाच म्हणाली, "तुमाला उगाच तरास दिला."

या आठवड्यात त्याच फलाटावर एका म्हातारीने पिशवी सोडली नाही. ब्लेड तिच्या हातावरून फिरलं. ती मासळी विकते, आणि उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. मी इस्पितळात गेले तेव्हा तिने विचारलं, "बाय, तिथं पोलीस नसतो काय गो?" रागाने नाही, गाडी किती वाजता सुटते असं विचारावं तसं. मी म्हटलं, असतो. तिच्या तोंडावर खोटं बोलले आणि बाहेर येऊन जीपमध्ये बसून राहिले.

तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. कोंबडी चोरीला गेली तरी गुन्हा लिहिणारा हवालदार. स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसला आहात, आई कुळथाचं पिठलं वाढते आहे, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर काय विचारलं ते तुम्ही सांगता आहात, "तुमच्याच बीटात एवढे चोर कसे हो?" आई म्हणते, "चार कमी लिवलेत तर काय बिघडतंय?" तुम्ही भात कालवता कालवता म्हणता, "ज्याचं गेलंय तो माझ्याकडं येतो. त्याला काय सांगू, तुझं गेलंच नाय?" त्या पावसाळ्याआधी तुमची बदली दापोलीकडच्या एका दूरक्षेत्रात, आडबाजूच्या पोलीस चौकीत झाली. माझी शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, आई महिनाभर धड बोलली नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं की नोकरी करीन तर डोकं वापरून करीन. तशीच केली, आणि वर चढत गेले. मागच्या दिवाळीत एका हवालदाराला मी सगळ्यांसमोर तेच विचारलं, तुमच्याच बीटात एवढे चोर कसे. तो खाली मान घालून उभा होता आणि मला त्याच्या जागी तुम्ही दिसला नाहीत. याची लाज वाटते, आप्पा.

आज गहाळ अर्जांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन एकेकाला फोन लावते आहे. राजापूरच्या गाडीची ती बाई शेजारणीच्या फोनवर आली. चोरीचा गुन्हा लिहून घ्यायचाय म्हटल्यावर म्हणाली, "मी तवाच सांगितलेलं की." उद्याच्या तक्त्यात आमच्या चोऱ्या एकदम उसळलेल्या दिसतील. बसस्थानकासाठी दोन माणसं परत मागणार आहे. साहेब काय विचारतील ते मला पाठ आहे. लेक दहावीला आहे, आणि बदली झालीच तर ती माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, याचा हिशेब मी आताच करते आहे. फार दमले आहे.

हे पाठवायचं कुठे? पोस्टाला तुमचा पत्ता ठाऊक नाही. पण तुम्ही होतात तेव्हा सांगायची एक गोष्ट राहून गेली. दापोलीच्या त्या शाळेत वडील काय करतात असं विचारलं की मी सांगायचे, एस.टी.त कंडक्टर आहेत. साहेबांनी हाकललेला पोलीस, असं कुणाला कळायला नको होतं. एकदा तुम्ही गणवेशातच मला न्यायला आलात, फाटकाशी उभे राहिलात. मी तुम्हाला पाहिलं आणि मागच्या बाजूने घरी निघून गेले. तुम्ही तिथे किती वेळ थांबला होतात, ते मी कधी विचारलं नाही.