बेडकांच्या प्रबंधातले शेवटचे पान न बदलण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
पृथ्वीराज ज्ञानसाधना मंडळ, कोल्हापूर

विषय : जीवशास्त्राचे तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापिकेस कोणत्या तरी विभागात राहू देण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ सप्टेंबरचे पत्र, तसेच त्याआधीची त्याच मजकुराची चार पत्रे.

महोदय,

मी आठ वर्षे आपल्या महाविद्यालयात शिकवते. माझा विषय तत्त्वज्ञान की प्राणिशास्त्र, याचे हमीपत्र महिनाअखेर न दिल्यास माझे पद रद्द होईल, असे आपण कळवले आहे.

तत्त्वज्ञान विभागाच्या मते माझ्या प्रबंधात बेडूक फार आहेत. प्राणिशास्त्र विभागाच्या मते त्यातला एकही कापलेला नाही. दोन्ही आक्षेप खरे आहेत. मात्र अडचण आली की दोघांनाही मी आपली वाटते. मार्चमध्ये कसबा बावड्याच्या उसात गवा शिरला, तेव्हा "जीव आणि नीती दोन्ही तुमच्याकडंच हाय की" म्हणून मलाच पुढे धाडले. वनखात्याचे लोक येईपर्यंत गव्याने माझे शांतपणे ऐकून घेतले. विभागाच्या बैठकीत असे कधी घडलेले नाही.

राधानगरीच्या जंगलातील बेडकांच्या दोन प्रजातींवर माझा प्रबंध आहे. शेवटच्या पानावरचा निष्कर्ष एवढाच, की त्यांच्यामधली रेघ बेडकांनी नव्हे, आपण आखली आहे, आणि काही बेडूक नेमके त्या रेघेवरच बसतात. हे लिहिणाऱ्या बाईकडून आपण रेघेच्या एका बाजूचे हमीपत्र मागत आहात.

कार्यालयातील लिपिक श्री. बाळासो यांनी आपुलकीने मार्ग सुचवला : "मॅडम, फाइलमधल्या प्रबंधाचं शेवटचं पान तेवढं बदला की. वाचतंय कोण?" त्यांनी स्वतः ते वाचले होते, हे मला नंतर कळले. आठ वर्षांत संस्थेतले त्या पानापर्यंत पोचलेले ते एकटेच. याचे मला फार वाईट वाटले. पान मी बदलणार नाही.

मला ही नोकरी हवी आहे, हे स्पष्ट लिहिते. माझ्या तासाला मुले तावातावाने भांडतात आणि घंटा झाली तरी उठत नाहीत. ते सोडून जायचे म्हटले की मी पुढच्या तासाची टिपणे काढायला बसते.

तरी हमीपत्रात 'दोन्ही' असा रकाना वाढवावा, ही विनंती. ते जमत नसल्यास व पद रद्दच करायचे असल्यास, ते नेमके कोणत्या विभागातून रद्द केले, एवढे लेखी कळवावे.

आपली, अद्याप सेवेत असलेली,
डॉ. दानेश्वरी सोमशेखर मगदूम
दि. २४ सप्टेंबर २०२५

सोबत : हमीपत्र (कोरे)