उंटाला दिलेलं मत

परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी खलफ रमदान अबूदैफ, राहणार नगा अबूदैफ, जिल्हा सोहाग, इजिप्त, सध्या लिबियात बेनगाझीला गवंडीकाम करतो. ताप नाही, नशा नाही, डोकं ठिकाणावर आहे. शाळा चौथीपर्यंत, म्हणून अक्षर वाकडं. म्हणणं सरळ आहे. परवाच्या बसने गावी निघतोय. एक ऑक्टोबरपासून नवा कायदा लागू होतो आणि आमचा बा कूळ म्हणून जन्मभर कसत आला ती जमीन जुन्या जमीनदार पाशाच्या नातवाकडे परत जाते. पोलीस येतील तेव्हा मी बाशेजारी उसात उभा असेन. जिवंत परतेन असं धरून चालत नाही, म्हणून हे लिहितो.

शरियतप्रमाणे मृत्युपत्रात मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मला बोलता येतं. बाकी आईबापाचं, त्यात मी तोंड घालत नाही.

माडीवरची खोली मी इथल्या कमाईने लाल विटांत बांधली. ती बहीण बद्रिया हिला. नवऱ्याने हाकललं तर तिला एक दार असावं. तिथे कुणी पक्षाची सभा भरवू नये.

थापी आणि ओळंबा सोबती नाशेद बिशाईला. तो ख्रिस्ती, पण त्याच्याही बापावर हीच पाळी आहे.

थोरला भाऊ शाजली याला काही नाही. तो सरकारी पक्षाचा गावचा चिटणीस. मोजणीदाराला आमचे बांध त्यानेच दाखवले. बैठकीतली जुन्या रईसची, कुळांना करार देणाऱ्या राष्ट्राध्यक्षाची, तसबीर उतरवून त्याने आताच्या साहेबांची लावली. तसबीर त्याची, त्याने न्यावी. खिळा मी ठोकलेला आहे, तो राहील.

घरचे पत्र लिहीत नाहीत, कॅसेटवर बोलून पाठवतात. शेवटच्या कॅसेटवर बा म्हणतो, "खलफ, करार रईसने दिलाय. माझ्यामागे तो तुम्हा पोरांचा. कोण मोडतो ते बघतोच."

मागून शाजली म्हणतो, "बा, तो रईस जाऊन जमाना झाला. त्याच्यानंतरचाही गेला. हा तिसरा. कायदा याचाच."

"मग मी मत कुणाला देत होतो रे?"

"उंटाला. आमच्या पक्षाची निशाणी. मीच तर गाढवावर बसवून न्यायचो तुला."

"उंट रईसचा नव्हता?"

"नाही बा. तू कधी विचारलंस?"

पुढे आई तेवढी खोकते. ती कॅसेट पुसून टाकावी. माझ्यामागे बाची फजिती वाजत राहू नये.

आता मी मेलो तर. आमच्याकडे माणूस मारला गेला की सूड घेईपर्यंत सांत्वनाचा मांडव घालत नाहीत. पण गोळी झाडणारा शिपाई बासारख्याच कुठल्यातरी कुळाचा पोरगा असेल, सक्तीने भरती केलेला. त्याला शोधू नये. चुलत्यांना हे दोनदा वाचून दाखवावं, ते ऐकणारे नव्हेत. मांडव मात्र घालायचा नाही, जमीन बाच्या हाती येईपर्यंत. कधीच आली नाही तर कधीच नाही.

कॉफी दिली की सांत्वन स्वीकारलं असं होतं. शाजली रडत आला तर त्याला आत घ्यावं, भाऊ आहे. चटई टाकावी, पाणी द्यावं. कॉफी देऊ नये.

सही: खलफ रमदान
साक्षीदार: हम्माम अब्देल गवाद, गवंडी
साक्षीदार: ईद मुतवल्ली, सुतार (अंगठा)
बेनगाझी, २० सप्टेंबर १९९७