पहिल्या बोर्डाचं घड्याळ

१२ सप्टें., शुक्र.
रविवारी वादळाचा इशारा. बुद्धिबळाची जिल्हा निवड स्पर्धा, मुख्य पंच मी, आणि हॉलवर पत्रे. आयोजक मनोहरजींना म्हटलं, शेवटची फेरी शनिवारीच उरकू. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. दहा मिनिट बरसेल अन् निकल जाईल, ये इंदूर है." त्यांचं काय जातंय. नियम पुन्हा वाचला: आधी घड्याळं थांबवा, उरलेला वेळ लिहा, मग पोरं बाहेर. पाठ आहे.

१३, शनि.
लख्ख ऊन. मनोहरजी दिसले की वर बोट दाखवून हसतात. सांवेरची गौरी, वय तेरा, पाचही डाव जिंकली. वडील मोटरसायकलवर आणतात. उद्या पहिल्या बोर्डावर ती वि. पार्थ, जिंकेल तो राज्य स्पर्धेला.

१४, रवि.
पावणेचारला दिवे गेले, वारा घुसला, कोपऱ्यातला पत्रा उचलला गेला. मी ओरडले, "सगळे उठा, शेजारच्या शाळेत चला." एवढंच. पोरांना खरचटलंही नाही, देवाची कृपा. अर्ध्या तासाने परतलो तर गौरीच्या घड्याळात शून्य, म्हणजे नियमाने डाव गेला. बाकी बोर्डांवर पोरांनी आपणच घड्याळं थांबवली होती. हिची चाल होती म्हणून हिचंच घड्याळ पळत राहिलं, हिने हात लावला नाही. तिला शिकवणाऱ्या सरांनी सांगितलंय, पंच सांगेपर्यंत घड्याळाला शिवायचं नाही. किती वेळ उरला होता? ती म्हणते अकरा मिनिटं, पार्थचे वडील म्हणतात दोन. मी लिहिलंच नव्हतं. निकाल राखून ठेवला. आता माझ्या रिपोर्टवरून निवड समिती ठरवणार.

१५, सोम.
मनोहरजींचा फोन. "लिहून टाका, घड्याळं थांबवा असं सांगितलं होतं, पोरीने ऐकलं नाही. त्या आवाजात कोण कुणाचं ऐकतंय? मामला खतम." तसं लिहिलं तर माझं पंचाचं लायसन्स वाचतं, गौरी हरते. खरं लिहिलं तर डाव पुन्हा होईल, मला बहुतेक घरी बसवतील. बावीस वर्षं पंचगिरी केली. त्यांचा राग यायला हवा होता. मला हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटते आहे.

१६, मंगळ.
रिपोर्ट उद्या दुपारपर्यंत. दोन लिहून ठेवलेत, सही एकावरही नाही.
संध्याकाळी गौरीच्या वडिलांचा फोन. भांडायला केला असेल वाटलं.
"मॅडमजी, माफ करा. पोरगी परवापासून रडतेय. म्हणते गलती माझीच, घड्याळ मीच थांबवायला पाहिजे होतं. तुम्हाला फालतूचा ताप झाला."
"तिची चूक नाही. सांगा तिला."
"मग कोणाची, मॅडमजी?"
त्यांना वाटलं लाइन गेली; आवाज येत नाहीये म्हणाले, आणि फोन ठेवला.