भाग ७०४च्या अखेरच्या संगीताची लांबी

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
ध्वनी व चित्रफीत संग्रह,
दूरचित्रवाणी केंद्र.

विषय : अंतराळयानाच्या मालिकेतील भाग ७०४च्या अखेरच्या संगीताची लांबी मिनिटे व सेकंदांत प्रमाणित करून मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) पहिल्या अर्जास उत्तर म्हणून आलेले आपले आभारपत्र व सोबत यानाच्या कप्तानाचा सहीचा फोटो.
२) दुसऱ्या अर्जास आलेले आपले पत्र : "अर्जदाराकडे ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्याने त्यांनी स्वतः मोजून घ्यावे."

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू तपासून त्यांवर शिक्का मारणे हे काम त्याने चौतीस वर्षे केले. सदर मालिका गेली सव्वीस वर्षे, वर्षातले सहा-सात महिने, दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता लागते आणि भाग ७०४पर्यंत अर्जदाराने एकही भाग चुकवलेला नाही. यावरून आपल्या कार्यालयाने अर्जदार कप्तानाचा चाहता असल्याचा समज करून घेतला. तसे नाही. कप्तान आजवर चार झाले आणि यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे पहिल्याच वर्षी दिसले होते. अर्जदार चाहता आहे तो संगीताचा.

२. इंजिनघरातल्या प्रसंगांना केवळ एक जाडसर व्हायोलिन घुमवत ठेवायचे, यान रिकाम्या अंतराळात असले की सगळी वाद्ये बंद करून एकटी बासरी सोडायची, ही कामे ऐऱ्यागैऱ्याची नव्हेत. परंतु खरी गोष्ट अखेरच्या चालीची. नावांची पाटी सरकू लागली की ही चाल पायरी पायरीने वर चढते, शिंगे वाजतात, आणि आता ती मूळ सुरावर येऊन टेकणार एवढ्यात आवाज विरून जातो. सव्वीस वर्षे यान घरी निघाले आहे आणि सव्वीस वर्षे चालही घरी पोचलेली नाही. ती एकदा तरी पोचावी एवढीच अर्जदाराची इच्छा होती. अर्जदाराच्या पत्नीस हे फार हास्यास्पद वाटे. "तुमचं ते यान म्हणजे आपल्या नळवाल्यासारखं आहे. निघालोय निघालोय म्हणतं, येत काही नाही," असे ती म्हणे.

३. अर्जदार दर रविवारी टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवून अखेरची चाल मुद्रित करी. तार जोडून मुद्रण करता येते हे त्याला माहीत होते, परंतु पहिल्या वर्षी जे सुरू केले तेच चालू राहिले. या पद्धतीत खोलीतला प्रत्येक आवाज टेपवर उतरतो. म्हणून घरात नियम होता : बटण दाबल्यापासून ते खटकन वर येईपर्यंत कोणी बोलायचे नाही, भांडे वाजवायचे नाही, शिंकायचे नाही. मुलगी पाळण्यात असल्यापासून हा नियम पाळला गेला. पत्नी कुरकुर करी, पण पाळी. एवढेच नव्हे, तर अर्जदाराचे अक्षर कोंबडीच्या पायांसारखे असल्याने प्रत्येक कॅसेटचे लेबल तीच लिही. भांडी घासताना ती हीच चाल गुणगुणे आणि विचारले की नाही म्हणे.

४. भाग ७०४च्या आठवड्यात मालिकेचे वृद्ध संगीतकार वारले. त्यांच्या आदरार्थ त्या रविवारी अखेरची चाल विरू न देता पूर्ण वाजवण्यात आली. याची पूर्वसूचना प्रेक्षकांना नव्हती. नेहमीची जागा आली, गेली, आणि चाल पुढे चढतच राहिली. अर्जदाराच्या अंगावर काटा आला. शिंगे दुसऱ्यांदा आली, आणि नेमक्या त्या वेळी पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन "अहो, जरा इकडे या ना," असे म्हणाली. अर्जदाराने मागे न वळता हात वर केला आणि "शू" म्हटले. ती गप्प झाली. शिंगे तिसऱ्यांदा आली, चाल मूळ सुरावर टेकली, बटण वर आले. अर्जदार "ऐकलंस का?" असे म्हणत वळला, तेव्हा ती दाराच्या चौकटीला टेकून जमिनीवर बसलेली होती, एक हात छातीवर होता. रुग्णवाहिका लगेच आली. पत्नी वाटेतच गेली.

५. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन मिनिटांनी बहुधा फरक पडला नसता." बहुधा हे माप नव्हे. एवढ्या नोकरीत अर्जदाराने बहुधा बरोबर असलेला एकही तराजू पास केलेला नाही.

६. मुलीने विचारले, "किती वेळ, बाबा?" अर्जदाराने सांगितले, मिनिटभर. तो नेहमीच्या चालीचा हिशेब होता आणि खोटा होता. परंतु ही मुलगी त्याच चालीवर झोपत लहानाची मोठी झाली आहे, आणि त्या रविवारी तिच्या घरीही टीव्ही चालू होता. ती म्हणाली, "मी पण ऐकलं ते. मिनिटभराचं नव्हतं." त्यानंतर ती अर्जदाराशी बोललेली नाही. शेजारच्या काकूंना फोन करून "बाबा जेवतात ना?" एवढे विचारते.

७. आपण स्वतः मोजून घ्यावे असे कळवले. टेप घरात आहे, घड्याळही आहे. परंतु मोजायचे तर ती बोलली तिथपासून चाल संपेपर्यंत मोजावे लागेल. त्या टेपवर तिची हाक आहे, नंतर "शू" आहे आणि नंतर संगीत आहे, अत्यंत स्वच्छ. सव्वीस वर्षांत इतके स्वच्छ मुद्रण झाले नव्हते, कारण तिने नियम पाळला. आपल्याकडील प्रतीत तिची हाक नाही, म्हणून चाल आपणच मोजावी. येथवर 'अर्जदार' असे लिहिले, कारण अर्जाची पद्धत तशी आहे. हात मात्र मी वर केला होता.

८. तरी कृपया (अ) शिंगे दुसऱ्यांदा येतात तिथपासून अखेरच्या सुरापर्यंतची लांबी सही-शिक्क्यानिशी कळवावी. जी असेल ती मुलीला जशीच्या तशी दाखवणार आहे, कमी करून मागत नाही. (ब) ही चाल सव्वीस वर्षांत एकदाच पूर्ण वाजली, असेही नमूद व्हावे. (क) आपल्या कार्यालयात ती चाल पूर्ण ऐकलेले कोणी असल्यास, ऐकणाऱ्याला मधेच उठता आले असते किंवा कसे, याबाबत त्यांनी दोन ओळी लिहाव्यात. यासाठी विहित नमुना नसल्यास कोरा कागद चालेल. उठता आले असते, असे उत्तर असले तरी तेच लिहावे.

सदर मालिका यापुढे पाहणे अर्जदाराने बंद केले आहे. रविवारी सहा वाजता तो बाहेर जाऊन उभा राहतो, तरी शेजारच्या खिडक्यांतून ती ऐकू येते.

आपला नम्र, एकेकाळचा प्रेक्षक,
(सही)
वजनमापे निरीक्षक (निवृत्त)
दिनांक : १७, सोमवार

सोबत :
१) कप्तानाचा सहीचा फोटो, साभार परत. घडी घातलेली नाही.
२) आपल्या दोन्ही पत्रांच्या प्रती.
३) कॅसेट क्रमांक ४१ : जोडलेली नाही. लेबल कोरे आहे.