बोललं ते केलं

प्रिय धाकट्या,

प्रिय लिहिलं ते पत्राची रीत म्हणून. त्यावरून पुढच्या मजकुराचा अंदाज बांधू नकोस.

तुझी चिठ्ठी मिळाली. ह्यांची खेळाची वही आणि फासे दंतवैद्यांच्या हाती पाठवून दे, तुला त्यांचा काय उपयोग, असं तू लिहिलंस. तर ऐक. अकरा वर्षं दर रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही चौघं बसत होतात: हे, तू, दंतवैद्य आणि चष्मेवाले. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक सोंग घेऊन तिच्यात शिरायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. पहिली दोन वर्षं सूत्रधार हेच होते. मग ती खुर्ची ह्यांनी तुला दिली आणि स्वतः नावाडी झाले. आठवडाभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, कुणाशी चार शब्द न बोलणारा माझा नवरा रविवारी असा काही खर्जात बोलायचा, की चहा गाळता गाळता माझा हात थांबायचा.

हे गेल्यावर चार महिन्यांनी तुम्ही पुन्हा जमलात. दंतवैद्य म्हणाले, वहिनी, नावाड्याची खुर्ची रिकामी बरी दिसत नाही, तुम्ही बसा. मी बसले. मला जिंकायचं नव्हतं. जिंकणं-हरणं असतं का, तेही ठाऊक नव्हतं. घरात ह्यांचं एवढंच काय ते चालतंबोलतं उरलं होतं, ते रविवारपुरतं तरी जगावं, इतकीच हाव.

तू सांगितलंस, नाव गाळात रुतली आहे. मी विचारलं, खाली उतरून ढकलली तर? तू लगेच म्हणालास, “उतरलास. पाणी डोक्यावरून गेलं. फासा टाक.” मी म्हटलं, अरे, मी नुसतं विचारत होते. तू टेबलावर बोट आपटलंस. “वहिनी, इथे बोललं ते केलं. दादाचाच नियम आहे.” वीस बाजूंच्या त्या फाशावर तीन पडले. नावाडी बुडाला. वर तू हसून म्हणालास, “पट्टीचा पोहणाराच बुडतो!” चष्मेवाले चष्मा पुसत बसले. माझ्या डोळ्यांकडे बघून तू आणखी एक वाक्य टाकलंस, “हे वाचणाऱ्यांचं काम आहे वहिनी, तू चहाचं बघ. हे टेबल तुझं नव्हे.”

आणि मी उठून चहा केला. त्याचा राग मला तुझ्यापेक्षा माझाच जास्त येतो.

चौथीत शाळा सुटली माझी, खरं आहे. पण लाँड्रीत इस्त्रीला बसले, तेव्हा कपडे गुंडाळायच्या रद्दीवर अक्षर अक्षर जुळवत मी धड वाचायला शिकले. अर्धी बातमी वाचून पुढची अर्धी दुसऱ्या गठ्ठ्यात शोधायची सवय आहे मला. त्यामुळे ह्यांच्या हत्यारांच्या पिशवीत वही सापडली, तेव्हा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. चौथ्या पानावर तुझा नियम आहे: बोललं ते केलं. तू खोटं बोलला नाहीस. तू अर्धं बोललास.

त्याच्याखाली ह्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: “धाकटा आज पहिल्यांदा बसला. विहिरीत डोकावू का, एवढंच त्याने विचारलं, आणि मी त्याला विहिरीत पाडलं. पोरगा रडवेला झाला. चूक माझी. नव्या माणसाला नियम माहीत नसतात, म्हणून तो मोठ्याने विचार करतो. पहिल्या तीन बैठका नव्याचं बोलणं विचार धरायचा, कृती नव्हे.” त्याखाली ‘मान्य’ असं लिहून तू सही केली आहेस. झोकदार, शेपटीवाली. मिशा फुटलेला बाप्या होतास तेव्हा, तरी तुला तीन बैठका मिळाल्या. मला तीन श्वासही दिले नाहीस. आता ती वही तुला का हवी, हे कळायला मला शाळेची गरज नाही.

दंतवैद्यांना पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, जाऊ द्या, तो गमतीत बोलला असेल.

रविवारी तू नेहमीसारखा जिना चढून येशील, म्हणून आधीच लिहून कळवते. त्या दिवशी माझी पहिलीच बैठक होती. म्हणजे मी बोलले तो विचार होता, आणि नावाडी नावेतून उतरलेलाच नाही. तो नावेत आहे, कोरडा आहे. दंतवैद्य आणि चष्मेवाले येणार आहेत. लाँड्रीतल्या दोघी येणार आहेत, ज्यांनी जन्मात असा फासा हातात धरलेला नाही. त्यांना मी चौथं पान आधी वाचून दाखवीन, अख्खं. सूत्रधाराच्या खुर्चीत मी बसेन. आणि तू? टेबल माझं नव्हे, असं तू चारचौघांत बोललास, आणि यजमानीण नाकारली की पाहुण्याची जागाही जातेच. तू नवखा नाहीस, तुझ्या तीन बैठका कधीच संपल्या. त्यामुळे ती गंमत नव्हती, तो विचारही नव्हता. माझ्या टेबलावरून तू त्याच दिवशी उठलास, धाकट्या. बोललं ते केलं.

तुझी (हेही रीतीपुरतंच),
वहिनी