चाक जड झालंय

दि. ९ जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
धाकट्या दिराचा सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर धाडतो आहे. हाताचा विषय निघाला की दादा उठून जातो, म्हणून. पण घाबरू नका, बातमी चांगली आहे.

दादाची जुनी गाडी मी घेतली त्याला महिना झाला. सोमवारी सकाळी बाहेर काढली, तर खाली बशीएवढा लालसर डाग. चाक वळवू गेलो तर वळेना, पुढून कण्हल्यासारखा आवाज. स्टीअरिंगच्या तेलाची डबी उघडली, तर तेलानं तळ गाठलेला. पॉवर स्टीअरिंग गळतंय. गाडी जागेवर लावेपर्यंत माझे खांदे भरून आले.

वहिनी, मी तिथेच फरशीवर बसून हसलो. आठ महिने दादा सांगत होता की चाक जड झालंय, माझ्यानं ओढवत नाही. म्हणून तर त्यानं गाडी मला दिली. आणि आपण मात्र त्याच्या उजव्या हाताकडे बघत बसलो. डॉक्टरांनी नसांची तपासणी सांगितल्यापासून तुमचा जीव टांगणीला लागलाय. दोष गाडीचा होता. त्याला सांगा, आणि इतक्या वर्षांत बॉनेट कधी उघडलं होतंस का, हेही विचारा.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढला तर उत्तम.

तुमचा,
टिल्लू


दि. १६ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुस्तकांच्या कपाटाआड उभी राहून दोनदा वाचलं आणि संध्याकाळी यांना सांगितलं. यांची कळी अशी खुलली की विचारू नकोस. शिलाईच्या दुकानात सगळ्या कारागिरांना ऐकवलं म्हणे, मास्तरांचा हात ठणठणीत आहे, गाडीच गळकी होती. लगेच फोन करून मंगळवारची तपासणी रद्द केली. मी म्हटलं, ठरलीच आहे तर करून घेऊ. तर म्हणाले, गाडीचं दुखणं मला कशाला चिकटवतेस.

एक मात्र मनातून जात नाही. काल एका कोटाचं कापड यांच्या हातून तिरकं कापलं गेलं. तीस वर्षांत असं झालेलं नाही. कात्री बोथट झाली म्हणाले आणि धार लावून आणली. सकाळी शर्टाची बटणं लावताना हल्ली माझ्याकडे पाठ करून उभे राहतात.

गाडी मेकॅनिकला दाखवलीस का? दोष जुनाच होता असं त्याच्या तोंडून आलं की मी निर्धास्त होईन. जपून चालव, जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
वहिनी


दि. २६ जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायची चार दिवस टाळाटाळ केली.

मेकॅनिकनं गाडी वर उचलली आणि दिवा धरून मला खाली बोलावलं. पंपाकडून येणाऱ्या पाइपाला चीर गेली होती. नवा पाइप घातला, तेल भरलं, चाक आता एका बोटानं फिरतं. मी विचारलं, गळती आठ महिन्यांची असेल ना? तो म्हणाला, “जुनी गळती असती तर तेलावर धूळ बसून काळा लेप झाला असता. इथं सगळं कोरं आहे. फार तर महिन्याभरातली.” मी शब्द बदलून पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो माझ्याचकडे बघायला लागला.

म्हणजे दादा चालवत होता तेव्हा गाडी धडधाकट होती. आणि मी अतिशहाण्यानं तपासणी रद्द करायला लावली. हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू? रविवारी गाडी घेऊन येतो, तो स्वतःच चालवून बघेल. त्यापुढे मला काही सुचत नाही.

हवं तर रागवा, पण माया पातळ करू नका.

टिल्लू


दि. ४ फेब्रुवारी

चि. टिल्ल्या,
आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. लिहिते आहे तुझी वहिनी, सांगतो आहे मी. तिनं मधे काही घुसडलं तर मी जबाबदार नाही.

रविवारी तू मला चाकामागे बसवलंस. कोपऱ्यावर वळताना मला दोन्ही हात लावून वर अंगाचा भार द्यावा लागला. मी म्हटलं, अजून जडच आहे. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, हो दादा, थोडं आहेच. लहानपणी माझी चांगली कात्री पतंगाच्या कागदावर चालवलीस, तेव्हाही असाच बाहेर बघत होतास.

अरे, तू आलास तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. गल्लीच्या तोंडाशी तू एका बोटानं चाक फिरवलंस आणि दुसरा हात बाहेर काढून मला हलवून दाखवलास. मला तेव्हाच कळलं. तरी जड आहे म्हणालो. वाटलं, तू तरी नाही म्हणशील. तूही म्हणाला नाहीस. मला भीती वाटते रे. तीस वर्षं या हातानं कापड कापलं, दुसरं काही मला येत नाही.

तपासणी पुढच्या गुरुवारी आहे. मी स्वतः फोन केला. गाडी घेऊन ये, चालव तूच. आणि माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलू नकोस, तुला ते जमत नाही.

भेटीत सगळं बोलूच. तोवर मोठ्या भावाची आठवण असू दे.

तुझा,
दादा

ता. क. टिल्लू, हे मी माझ्या मनानं लिहिते आहे. सही यांचीच. हे पत्र मी चार वेळा उतरवलं. तीनदा सही ओळीबाहेर घसरली आणि यांनी कागद बाजूला सारला. चौथ्या वेळी यांनी पेन डाव्या हातात घेतलं.