बाकावरची टकटक

११ जुलै
हसून हसून पोट दुखलं आज! राघवेंद्र सरांनी आरुषीला नकाशात कृष्णा नदी दाखवायला सांगितलं. ती उठली तोच दीपश्रीनं बाकावर वाजवलं — टक, टक, टक. मग श्रीनिधीनं. मग मी. सर म्हणाले, सुतारकाम चाललंय का? संपलं! आम्ही तिघी तोंडात रुमाल कोंबून बसलो.

आरुषी यंदाच आली आमच्या दहावीत, कलघटगीहून. पहिल्या दिवशी वर्गाचं दार सताड उघडं, सर आत, आणि ही बया दारावर टकटक करून उभी! 'ये' म्हणेपर्यंत हलली नाही. उघड्या दारावर कोण वाजवतं? तेव्हापासून ती उठली की आमचं सुरू. तिला बिचारीला काही कळत नाही.

दुसरा जोक वेणीचा. दीपश्रीनं वेणी पुढं घेतली की श्रीनिधी घेते, मग मी घेते. कुणी कन्नडच्या टीचर होत्या म्हणे, बदली होऊन गेल्या, त्यांच्यावर आहे. मी गेल्या वर्षी नववीत आले, त्यामुळं मी काही त्यांना बघितलेलं नाही. तरी हसू येतंच. दोघींनी मला आपल्यात घेतलं हेच खूप. सुरुवातीला कितीतरी दिवस मी डबा एकटीनं खाल्लाय. नळाजवळ उभं राहून.

१५ जुलै
आई जेवताना ओरडली. बोलताना सारखी वेणी काय ओढतेस, हातात येईल एक दिवस! येऊ दे.

२२ जुलै
आज भलतंच झालं. सकाळी मी दप्तर ठेवतेय तर आरुषी आली आणि माझ्या बाकावर वाजवलं. टक, टक, टक. आणि हसली! अगदी मनापासून. आमचा नमस्कारच आहे असं समजून बसली बहुतेक.

दीपश्रीला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मला कसंतरीच झालं. पण मीही वाजवलं. ती एवढी बघत होती माझ्याकडं, काय करणार?

२३ जुलै
दीपश्रीला म्हटलं, बस झालं आता, दुसरं काहीतरी काढू. ती म्हणाली, “सुम्ने बस गं, उगीच बोलू नकोस. तिला आवडतंय, तुला काय त्रास?” श्रीनिधीनं वेणी पुढं घेतली. दीपश्रीनं घेतली. मीही घेतली.

२ ऑगस्ट
जायलाच नको होतं.

आरुषीनं आम्हा तिघींना घरी बोलावलं होतं, कमरीपेठेत. त्या दोघींनी ऐन वेळी टांग दिली. मी एकटी गेले. गल्लीच्या तोंडाशी ती उभीच होती. दाराला बेल आहे, पण तिनं बोटाच्या पेरानं वाजवलं. हळूच, तीन वेळा. मग थांबली.

तिच्या आईनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. एकच खोली, पुढं स्वयंपाकाचा कट्टा. भिंतीकडं तोंड करून तिचे अप्पा झोपलेले. गावाबाहेर बेलूरच्या कारखान्यात रात्रपाळी असते त्यांची. त्यांची झोप मोडू नये म्हणून घरातलं कुणी बेल वाजवत नाही. कलघटगीतही असंच होतं. आतून दार उघडेपर्यंत सगळे बाहेर थांबतात. बाळपणापासूनची सवय, ती शाळेत उघड्या दारावरही निघाली. आणि आम्ही दोन महिने त्याच्यावर हसतोय!

काकूंनी चुरमुऱ्यांचं गिरमिट केलं होतं, वर भरपूर कांदा. आम्ही उंबऱ्यावर बसून खाल्लं. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवून हळू आवाजात म्हणाल्या, “आरुषी सांगते, शाळेतल्या मैत्रिणी पण आमच्यासारखंच वाजवतात म्हणून. मला बरं वाटलं गं. नवीन शाळा, मला काळजी होती.”

मिरची लागली असं सांगून पाणी मागितलं. डोळ्यांत पाणी आलं तेही मिरचीवरच ढकललं. लाज वाटते मला माझी.

४ ऑगस्ट
ठरवून वाजवलं नाही. आरुषीनं दोनदा वाजवून बघितलं, मी पुस्तकात डोकं घातलं. मधल्या सुट्टीत आली. रागावलीस का, माझं काही चुकलं का, म्हणून विचारायला लागली. चुकलं का म्हणे! तिचं!

मग वाजवलं मी. ती लगेच खूश होऊन डबा आणायला पळाली.

७ ऑगस्ट
आज भाषणाची स्पर्धा, वर्गातल्या वर्गात. आरुषीनं चांगली तयारी केली होती. ती उठली आणि सगळ्या वर्गानं वाजवलं. सगळ्या! त्या दोघींनी कधी पसरवलं कोण जाणे. मुलगे तर पट्ट्यांनी वाजवत होते. राघवेंद्र सर भडकले, कुणी थांबेना.

ती फळ्यापाशी उभी, हातात कागद. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता रडेल. तर तिनं टेबलावर तीन वेळा वाजवलं आणि सगळ्यांबरोबर हसली. वर्ग नुसता लोळला.

मी हसले का? हसले. तोंड दाबून नाही, चांगलं मोठ्यानं हसले. दीपश्री माझ्याकडं बघत होती म्हणून. मला भीती वाटली, नळाजवळचा डबा आठवला. असली कसली मी! भाषण तिनं अर्धं म्हटलं आणि खाली बसली.

८ ऑगस्ट
सांगायचं ठरवून गेले होते. तिच्याकडून गणिताची वही तेवढी मागून आणली.

१० ऑगस्ट
आज तिला नळापाशी गाठलं. “ती टकटक आहे ना,” एवढंच म्हणाले.

आरुषी म्हणाली, माहीत आहे. पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. आईला तेवढं सांगू नकोस. मी विचारलं, मग तू कशाला वाजवत होतीस?

“तू पण घेतेस की वेणी पुढं. तू उत्तर द्यायला उठलीस की त्या दोघी तुझ्यासारखी वेणी ओढतात, आणि खाली बसल्यावर तू पण त्यांच्याबरोबर ओढून हसतेस. मला वाटलं, इथं राहायचं तर असंच करायचं असतं.”

हे लिहितानाही डावा हात वेणीवरच आहे.